बाळाचे जुलाब: पाणी किती गेलं, किती भरायचं

जुलाबाने मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. पोटात जंतू कोणता शिरला होता, हा प्रश्न त्यानंतरचा. ८ किलोचं, दहा-अकरा महिन्यांचं बाळ डोळ्यांसमोर आणा. त्याच्या अंगात साधारण ५ लिटर पाणी असतं. त्यातलं ४०० मिली गेलं की डोळे खोल जायला लागतात, मूल किरकिरं होतं, पाणी दिसलं की झडप घालतं. ८०० मिली गेलं की जीव धोक्यात येतो. जोराचे जुलाब आणि सोबत उलट्या असतील, तर सकाळी खेळणारं मूल संध्याकाळपर्यंत मान टाकू शकतं. मोठ्या माणसाला सावरायला जी सवड मिळते, ती बाळाला मिळत नाही.

म्हणून घरात पहिला प्रश्न ‘जुलाब कधी थांबतील?’ हा नसावा. ‘गेलेलं पाणी कधीपासून भरायचं?’ हा असावा, आणि त्याचं उत्तर आहे, पहिल्या पातळ शीपासून. बहुतेक जुलाब आपले आपण काही दिवसांत थांबतात. तोवर पाणी, मीठ आणि अन्न आत जात राहिलं की मूल तगतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) हिशेबाने आजही जगात पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुलं दर वर्षी जुलाबाने दगावतात. १९८०च्या सुमाराला हा आकडा ४६ लाखांच्या घरात होता. इतकी घट झाली त्यात ओआरएसच्या, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या साखर-मीठ-क्षारांच्या, एका स्वस्त पुडीचा वाटा फार मोठा आहे. आणि तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्के मुलांनाच ओआरएस मिळालं, झिंकची गोळी तर फक्त ३०.५ टक्क्यांना. धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे, जव्हार-मोखाडा, मेळघाट, गोवंडीच्या गल्ल्या, वीटभट्ट्या, उसाच्या फडाशेजारच्या कोप्या (तोडणी मजुरांच्या झोपड्या), जिथे दवाखाना लांब आणि मजुरी रोजची, तिथे ही पुडी घरातच असायला हवी.

साखर आणि मीठ एकत्रच का

आतड्याच्या आतल्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना मिळून आत घेणारी एक वाट असते. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, तसंच इथे आहे: नुसतं मीठ आलं तर ही वाट उघडत नाही, नुसती साखर आली तरी नाही. दोन्ही बरोबर आली की दोन्ही आत जातात आणि त्यांच्यामागे पाणीही ओढलं जातं. जुलाबात आतड्याचं बरंच काम बिघडतं, पण ही वाट बहुतांशी शाबूत राहते. कॉलऱ्यातसुद्धा. ओआरएसचं सगळं शास्त्र एवढ्यावर उभं आहे.

हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं ते १९७१ साली, आपल्याच देशात. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेवरच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन पुरेना, ते लावायला माणसंही पुरेनात. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं मोजून मिश्रण पाण्यात कालवून द्यायला लावलं. पाजायचं काम नातेवाइकांनी केलं. जिथे शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, तिथे हे प्रमाण चारच्या आत आलं. डॉक्टरांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आजच्या पुडीत १ लिटर पाण्यासाठी सोडियम क्लोराइड, म्हणजे साधं मीठ, २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. सगळं मिळून २०.५ ग्रॅम. जुन्या पुडीत मीठ आणि ग्लुकोज जास्त होतं. ते कमी केल्यावर उलट्या आणि शीचं प्रमाण दोन्ही घटतात असं दिसलं, म्हणून २००२पासून हे प्रमाण आलं.

या आकड्यांमुळे एक फसवणूक लगेच ओळखता येते. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ हे अक्षर नावात मिरवून मेडिकलमध्ये विकली गेली. त्यांत साखर कितीतरी पट जास्त आणि मीठ कमी असतं. आतड्यात साखरेचा पाक साचला की तो अंगातलंच पाणी आतड्यात खेचतो आणि जुलाब वाढतात. थंड पेयं, डब्यातला ज्यूस, दाट ग्लुकोज पावडरचं पाणी यांनी हेच होतं. ऑक्टोबर २०२५मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली, पण दुकानदार ‘तेच आहे हो’ म्हणून काहीही पुढे करू शकतो. पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का आणि घटक वरच्या आकड्यांशी जुळतात का, हे बघून घ्या. आशाताईंकडे, उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही पुडी फुकट मिळते.

पुडी कालवताना होणाऱ्या चुका

सगळ्यात घातक चूक म्हणजे अख्खी पुडी एका पेल्यात कालवणं. १ लिटरची पुडी २०० मिली पाण्यात पडली की द्रावण पाचपट तीव्र होतं. त्यातलं मीठ रक्तातल्या मिठाच्या अडीचपटीवर जातं, तहान भडकते, जुलाब वाढतात आणि मीठ डोक्यात चढून बाळाला झटके येऊ शकतात. दुसरी चूक याच्या उलट: थोडी पुडी आज, थोडी उद्या, असं अंदाजाने चिमटी-चिमटी टाकणं. त्यात मीठ किती गेलं ते कुणालाच कळत नाही, आणि उघडी पुडी ओल धरून गोळा होते.

म्हणून आधी पुडीवर किती पाण्याची आहे ते वाचा. बाजारात १ लिटरच्या आणि २०० मिलीच्या अशा दोन्ही मिळतात. घरात १ लिटरची पाण्याची रिकामी बाटली असेल तर ती साबणाने धुऊन मापाला ठेवा. एकदा तिने पातेल्यात पाणी ओतून, पाणी जिथवर आलं तिथे खिळ्याने ओरखडा काढा. मग दर वेळी माप शोधावं लागत नाही. हात धुवा, पिण्याचं पाणी तेवढं घ्या, उकळलेलं असेल तर गार होऊ द्या, पूर्ण पुडी एकदम टाका, एकही कण न उरता पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. चव बघा, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. त्यात दूध, ज्यादा साखर, सरबत काही घालू नका, कालवल्यावर उकळू नका. झाकून ठेवा. २४ तासांनी उरलेलं फेकून नवं करा.

पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ. चमचा ५ मिलीचा, आणि सपाट म्हणजे बोटाने वरचं निपटून काढलेला. यात पोटॅशियम नाही, म्हणून पुडी मिळेपर्यंतची ही सोय. सहा महिन्यांवरच्या मुलाला मीठ घातलेली तांदळाची पेज, वरणाचं पाणी, पातळ ताक, शहाळ्याचं पाणी हेही चालतं. साखर जपून टाकणारी आई मीठ मात्र सढळ हाताने टाकते, कारण मीठ स्वस्त आहे. इथे मात्र मीठ जास्त पडणं हाच खरा धोका.

बांगलादेशात ब्रॅक संस्थेने १९८०पासून दहा वर्षं घरोघर जाऊन आयांना तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ अर्धा शेर पाण्यात कालवायला शिकवलं, १ कोटीहून अधिक घरांत. नंतर त्या आयांनी केलेलं द्रावण तपासायला नेलं जाई, आणि शिकवणारीचा मोबदला आईला किती नीट जमलं त्यावर ठरे. आपल्याकडे मीटिंगमध्ये पुडी हातात धरून दाखवली जाते आणि रजिस्टरवर सही होते. आईने स्वतःच्या भांड्यात, स्वतःच्या हाताने एकदा कालवल्याशिवाय ते शिकवणं पूर्ण होत नाही.

किती आणि कसं पाजायचं

मूल टवटवीत आहे, फक्त जुलाब लागलेत, तर प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप (५० ते १०० मिली), दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप (१०० ते २०० मिली). दोन महिन्यांखालच्या बाळाला ५ चमचे, आणि त्याला दवाखान्यात दाखवायलाच हवं. अंगावरचं दूध सगळ्यांना चालू, नेहमीपेक्षा जास्त वेळा.

पाणी कमी झाल्याची लक्षणं दिसू लागली असतील, तर वजनाच्या दर किलोला ७५ मिली ओआरएस चार तासांत जायला हवं. आपल्या ८ किलोच्या बाळाला म्हणजे ६०० मिली. आकडा मोठा वाटतो, आणि इथेच आई हबकते, ‘एवढं कुठलं पितंय ते!’ पण दर दोन मिनिटांना एक चहाचा चमचा दिला, तर तासाला ३० चमचे होतात, म्हणजे १५० मिली. चार तासांत बरोबर ६००. मांडीवर बाळ, शेजारी वाटी-चमचा, आणि चार तास दुसरं काम नाही. गरीब घरात हे चार तास काढणं हीच खरी अडचण असते, म्हणून आजी, मोठी बहीण, बाप, सगळ्यांना चमचा धरता यायला हवा. हे शक्यतो उपकेंद्राच्या ओआरएस कोपऱ्यात, नर्सताईंच्या नजरेखाली करावं. चार तासांनी मूल पुन्हा तपासून पुढचं ठरतं.

उलटी झाली तर ‘पोटात काही टिकतच नाही’ म्हणून पाजणं बंद होतं. तसं करू नका. १० मिनिटं थांबा, मग पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश, दर दोन-तीन मिनिटांना एक चमचा. तहानलेलं मूल पेला तोंडाला लावून घटाघट पितं आणि पोट एकदम ताणल्याने ओकतं. चमच्याने दिलेलं बहुतांश टिकतं. ओकलं तरी त्याआधी थोडं आत गेलेलं असतं.

पाणी किती कमी झालंय, हे कसं ओळखायचं

चार गोष्टी बघायच्या: मूल कसं वागतंय, डोळे, पिणं आणि कातडी.

कातडीचा चिमटा बेंबी आणि कूस यांच्या मधोमध घ्यायचा. अंगठा आणि तर्जनी वापरायची, नख लागू द्यायचं नाही, चिमट्याची घडी अंगाच्या लांबीच्या दिशेने यावी, आडवी नाही. सेकंदभर धरून सोडा. निरोगी मुलाची कातडी क्षणात सपाट होते. घडी थोडी दिसत राहिली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच उभी राहिली तर फार कमी झालंय. डोळे खोल गेलेत का हे आईला विचारा, ‘नेहमीपेक्षा खोल दिसतात का?’ कारण कुपोषित मुलाचे डोळे एरवीही खोल असतात आणि त्याची कातडीही एरवी सैल असते. अशा मुलात चिमटा एकटा फसवतो.

किरकिरं मूल, खोल डोळे, अधाशासारखं पिणं, घडी हळू जाणं, यातली दोन दिसली तर वर सांगितलेलं चार तासांचं पाजणं लगेच सुरू. पण मूल सुस्त पडलंय, हाक मारून जागं होत नाही, पिता येत नाही किंवा तोंडातून ओघळतंय, घडी जातच नाही, यातली दोन दिसली तर घरी एक मिनिटही घालवू नका. १०८ला फोन करा. गिळता येत असेल तर वाटेत चमच्याने ओआरएस आणि अंगावर पाजणं चालू ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका. सहा तासांत लघवी नाही, शीत रक्त, उलट्या थांबतच नाहीत, जोराचा ताप, झटके, पोट फुगून टणक होणं, किंवा बाळ दोन महिन्यांखालचं असणं, यांपैकी काहीही असेल तर दवाखाना गाठा.

सलाईनची जागा इथे आहे, आणि इथेच आहे. तीव्र अवस्थेत रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं सलाईन दर किलोला १०० मिली लागतं. वर्षाखालच्या बाळाला पहिल्या तासात किलोमागे ३० मिली, उरलेलं ७० मिली पुढच्या पाच तासांत. ८ किलोच्या बाळाला म्हणजे पहिल्या तासात २४० मिली आणि पुढे ५६०. वर्षावरच्या मुलाला हेच अर्धा तास आणि अडीच तास अशा वेगाने. नुसत्या ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या) बाटलीत सोडियम नसतं, ती इथे कामाची नाही. पिऊ शकणाऱ्या मुलाला हट्टाने सलाईन लावून घेण्यात पैसा जातो, बाळाला सुई टोचली जाते, आणि चमच्याने जे झालं असतं त्याहून जास्त काही हाती लागत नाही.

फार कुपोषित मुलाचा मामला वेगळा. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, दोन्ही पायांवर सूज असेल, तर घाईने पाणी भरल्यास हृदयाला ते पेलत नाही. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात नजरेखाली, सावकाश भरावं लागतं. अंगणवाडीताईंकडे दंडपट्टी असते, लाल रंग दिसला तर जुलाब किरकोळ वाटले तरी घरी ठेवू नका.

झिंक, जेवण आणि नको ती औषधं

झिंकची गोळी २० मिलिग्रॅमची. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, सलग १४ दिवस. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात टाकली की विरघळते. जुलाबात अंगातलं झिंक निघून जातं. ते भरून आलं की आतड्याचं अस्तर लवकर दुरुस्त होतं, आजाराचे दिवस कमी होतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागायची शक्यता घटते. आई तिसऱ्या दिवशी गोळी बंद करते, कारण शी घट्ट झालेली असते. पुढचे अकरा दिवस पुढचा जुलाब टाळण्यासाठी आहेत, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. गोळी देऊन अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा द्या.

पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवणं हा जुना आणि महागात पडणारा समज आहे. प्रत्येक उपाशी जुलाबात वजन घटतं, घटलेल्या वजनावर पुढचा जुलाब जास्त दिवस टिकतो, आणि हे चक्र दोन-तीन पावसाळे चाललं की मूल खुरटतं. मऊ भात-वरण, खिचडी, थोडं तेल किंवा तूप, कुस्करलेलं केळं, दही, उकडलेला बटाटा, थोडं थोडं करून दिवसातून पाच-सहा वेळा द्या. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

शी अडवणारं लोपेरामाइडसारखं औषध लहान मुलाला कधीच नको. शी दिसेनाशी होते, पण पाणी आतड्यातच साचतं, आतड्याची हालचाल थंडावते आणि पोट फुगतं. पोटॅशियम कमी पडलं तरीही पोट फुगतं. मेळघाटात अशा फुगलेल्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंभा म्हणतात. आईबापांना मूल वाचवायचंच असतं. पण त्या पोटाला पाणी, पोटॅशियम आणि दवाखाना हवा असतो, आणि चटक्याची जखम चिघळली की आणखी एक दुखणं मागे लागतं. अँटिबायोटिक पाण्यासारख्या जुलाबाला लागत नाही. लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवर त्याचा परिणामच नाही. शीत रक्त असेल किंवा कॉलरा असेल, तर डॉक्टर ठरवतील. १४ दिवसांहून जास्त चाललेले जुलाब हे वेगळं दुखणं समजून तपासून घ्यावं लागतं.

मग डॉक्टर पुडी का लिहीत नाहीत? कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टरांवरचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की सगळ्यात मोठं कारण साठा नसणं किंवा नफा हे नाही. पुडी लिहिली तर पेशंटला आवडणार नाही, असं डॉक्टरांना वाटतं, हे ते कारण. जिथे बापाने स्वतः ओआरएसचं नाव काढलं, तिथे ते मिळण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. तेव्हा दवाखान्यात बसल्यावर सरळ म्हणा, ‘डॉक्टर, ओआरएस आणि झिंक लिहून द्या.’ या एका वाक्याला पैसे पडत नाहीत.

जुलाब येतात कुठून

माणसाच्या विष्ठेतून. हात, पाणी, अन्न, माशी, भांडं या वाटांनी ती दुसऱ्याच्या तोंडात जाते. बाळाची शी निरुपद्रवी असते असं मानून ती अंगणात किंवा मोरीत टाकली जाते, पण तिच्यात जंतू मोठ्यांच्या विष्ठेपेक्षा जास्तच असू शकतात. ती संडासात टाका, संडास नसेल तर पुरा. लंगोट विहिरीच्या काठावर किंवा हातपंपाच्या ओट्यावर धुऊ नका. कोंबड्या घरात फिरत असतील तर रांगत्या बाळाची जागा वेगळी करा, कारण रांगतं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. दात येताना जुलाब लागतात असं म्हणतात, त्याचं मूळही इथेच आहे: त्याच वयात बाळ रांगू लागतं, वरचं अन्न सुरू होतं, आणि आईकडून आलेलं संरक्षण ओसरतं. दाताचे जुलाब म्हणून वाट पाहत बसू नका.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी, मध, गुटी, साखरेचं पाणी काही नाही. त्यानंतरही दूध दोन वर्षांपर्यंत चालू. दुधाची बाटली झोपडीत नीट निर्जंतुक होऊच शकत नाही, निपलच्या घडीत दूध साचून जंतू वाढतात. वाटी-चमचा पाण्या-साबणाने स्वच्छ होतो. बाळाचं जेवण ताजं द्या. उन्हाळ्यात सकाळचा मऊ भात दुपारपर्यंत बिघडलेला असतो, दिसत नाही एवढंच. साबण दोन वेळा चुकू नये: शी धुतल्यावर, आणि स्वयंपाकाला किंवा भरवायला हात लावण्याआधी. साबणाने हात धुण्याच्या सवयीने जुलाब जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतात.

पाण्याचं काम घर आणि ग्रामपंचायत यांनी वाटून घ्यावं लागतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, आणि अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचं. इथे तीन गोष्टी बिघडतात. पोतं उघडं राहून क्लोरीन उडून जातो आणि उरते नुसती पांढरी भुकटी. दुसरं, टाकताक्षणी पाणी सोडलं जातं. तिसरं, पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट टाकीशेजारच्या नळाला होते, गावाच्या शेवटच्या घराला नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. गावाचं पाणी बघणाऱ्या जलसुरक्षकाला तिथे चाचणी करायला लावा, पाणी पिवळसर झालं पाहिजे. पाण्याच्या तपासणीत ग्रामपंचायतीला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालंय हे ग्रामसभेत विचारा, लाल असेल तर त्रुटी कोणत्या लिहिल्यात तेही.

नळाचं पाणी ठरावीक वेळीच येतं तिथे आणखी एक गोष्ट घडते. पुरवठा बंद झाला की पाइपमधला दाब जातो आणि गटारातून जाणाऱ्या पाइपच्या फटीतून घाण आत शोषली जाते. नळाला मोटर लावली की हे आणखी जोरात होतं. म्हणून सुरुवातीचं पाणी पिण्यासाठी भरू नका, ते धुण्याला घ्या. घरचं सगळं पाणी उकळायला सरपण परवडत नाही, मग निदान बाळाचं दिवसाचं लिटर-दोन लिटर तरी खळखळ उकळा. गढूळ असेल तर आधी चार पदरी फडक्यातून गाळा. माठावर झाकण आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं हवं. शुद्ध केलेलं पाणी पेला बुडवताना बोटांनी पुन्हा घाण होतं, हे फार घरांत घडतं.

लस आणि स्थलांतर

रोटाव्हायरस इतका सर्वदूर आहे की नुसत्या स्वच्छतेने तो पुरता टळत नाही. त्यावर लस आहे, तोंडावाटे, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, सरकारी केंद्रात मोफत. दिल्लीच्या एम्समध्ये एका नवजात बाळात सापडलेल्या विषाणूपासून रोटाव्हॅक बनली. तिच्या मोठ्या चाचण्या दिल्ली, वेल्लोर आणि पुण्यात झाल्या. रोटासिल ही दुसरी लस पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची. महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात ही लस २०१९ला आली. चाचण्यांमध्ये रोटाव्हॅकने पहिल्या वर्षात रोटाव्हायरसचे तीव्र जुलाब निम्म्याहून थोडे जास्त टाळले. इतर जंतूंवर ती चालत नाही, म्हणून लस घेतलेल्या बाळालाही जुलाब लागू शकतात आणि पुडी तरीही लागते.

आता ऊसतोडीच्या घराकडे बघा. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते, मार्च-एप्रिलला परतते. रोटाव्हायरसचा जोर डिसेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे नेमकं बाळ कोपीत असताना. घरोघर पुड्या वाटण्याची सरकारी अतिसार मोहीम जुलै-ऑगस्टच्या आसपास होते. तेव्हा हे घर गावी असतं आणि ती पुडी हंगामाआधीच संपून गेलेली असते. म्हणून टोळी निघण्याच्या आठवड्यात आशाताईंनी प्रत्येक लहान मूल असलेल्या घराला १ लिटरच्या किमान चार पुड्या आणि झिंकच्या १४ गोळ्या हातात द्याव्यात, कालवून दाखवायला लावावं, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लसीची पुढची तारीख वाचून सांगावी. पहिला डोस बाळ वर्षाचं होण्याआधी कधीही चालतो, उरलेले डोस चार-चार आठवड्यांच्या अंतराने, कारखान्याजवळच्या कुठल्याही सरकारी केंद्रात. ट्रॅक्टरमध्ये सामान भरताना कार्ड आणि पुड्या पिठाच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, म्हणजे ओलीने खराब होत नाहीत आणि रात्री-अपरात्री लगेच सापडतात. कोपीवर पोचल्यावर पहिल्या दिवशी मुकादमाला दोन गोष्टी विचारा: जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे, आणि पिण्याचा टँकर कुठल्या पाण्यातून भरतो.